गोदामात डबे, दुकानात रिकामी फळी: जेल रोडवरच्या एका किराणा दुकानाचा २०२२ चा उन्हाळा

१० मार्च २०२२, गुरुवार. नाशिकरोडच्या जेल रोडवरच्या एका किराणा दुकानातली तेलाची फळी दुपारीच रिकामी झाली होती. शेंगदाणा तेलाच्या चार बाटल्या आणि करडईचा एक कॅन, एवढंच उरलं होतं. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला दुकानाचे मालक दादा एकच उत्तर देत होते, "युक्रेनमुळे माल नाही." गिऱ्हाईकही मान डोलवून पुढच्या दुकानाकडे वळत होतं, कारण दोन आठवडे टीव्हीवर तेच चाललं होतं.

दादा खोटं बोलत नव्हते, त्यांना तसंच वाटत होतं. पण त्याच दुपारी वितरकाच्या आडगावच्या गोदामात सूर्यफूल तेलाचे पंधरा किलोचे डबे थप्पी लावून ठेवलेले होते. सेल्समनने ते फोनवर सांगितलंही, "माल आहे दादा, पण सॉफ्टवेअरमध्ये तुमची पार्टी लॉक झालीय. बिलच निघत नाही." पार्टी म्हणजे दुकानाचं खातं.

मी या दुकानाचे हिशेब लिहितो आणि जीएसटीचे रिटर्न भरतो. त्यामुळे त्या उन्हाळ्यातली खरेदीची बिलं, बँकेचा उतारा आणि वहिनींची उधारीची वही, तिन्ही माझ्या हाताखालून गेली. दुकानाचं नाव देत नाही. आकडे गोल केलेत, आणि पाऊचच्या पेट्या डब्यांत मोडून मोजल्यात. मालकांना दादा-वहिनी म्हणतो, कारण आख्खी गल्ली तसंच म्हणते.

दुकान तसं साधंच, बाराशे चौरस फुटांच्या आतलं. गिऱ्हाईक म्हणजे नोटांच्या आणि सिक्युरिटी प्रेसमधले कामगार, त्यांचे निवृत्त झालेले वडील, आजूबाजूच्या सोसायट्या, आणि जेवणाचे डबे पुरवणाऱ्या एक मेसवाल्या मावशी. निम्म्याहून जास्त घरं महिन्याच्या वहीवर. पगार झाला की वही मिटते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा उघडते. तेल महिन्याला साधारण साठ डबे, म्हणजे आठवड्याला पंधरा. वितरकाची गाडी दर गुरुवारी. उधारी चौदा दिवसांची, आणि वितरकाच्या संगणकात या दुकानाच्या नावापुढे मर्यादा लिहिलेली: ७०,००० रुपये. या मर्यादेकडे सात वर्षांत कोणी ढुंकून पाहिलं नव्हतं, कारण ती कधी आडवी आलीच नव्हती.

आता जहाजांकडे जाऊ, कारण तिथला हिशेब कळल्याशिवाय पुढचं कळत नाही.

भारताला महिन्याला अठरा-वीस लाख टन खाद्यतेल लागतं आणि त्यातलं निम्म्याहून जास्त बाहेरून येतं. २०२१-२२ च्या तेलवर्षात, म्हणजे नोव्हेंबर ते ऑक्टोबर, ही आयात १४० लाख टनांच्या घरात होती. सगळ्यात मोठा वाटा पामचा, तो इंडोनेशिया आणि मलेशियातून. सोयाबीन तेल मुख्यतः अर्जेंटिना आणि ब्राझीलमधून. सूर्यफूल तेलात युक्रेनचा वाटा सुमारे ७० टक्के, आणि उरलेल्यात मोठा रशियाचा. २४ फेब्रुवारीला हल्ला झाला आणि ओडेसासह काळ्या समुद्रावरची युक्रेनची बंदरं बंद पडली. म्हणजे जवळजवळ अख्खा पुरवठा दोन भांडणाऱ्या देशांच्या हातात. बातमी घाबरवणारी होती यात शंका नाही.

पण बातमी एका क्षणात नाशिकला पोचते, जहाज पोचत नाही. इंडोनेशियाचं पाम आठ-दहा दिवसांत कांडल्याला किंवा आपल्या न्हावा शेव्याला लागतं. काळ्या समुद्रातून सुएझमार्गे येणाऱ्या सूर्यफूल तेलाला तीन-चार आठवडे. अर्जेंटिनाच्या सोयाबीनला दीड महिना. त्यानंतर टँकर, रिफायनरी, पॅकिंग, कंपनीचा डेपो, वितरक. तेव्हा २४ फेब्रुवारीच्या आधी निघालेली जहाजं मार्चभर येतच होती. मार्चमध्ये देशात सूर्यफूल तेलाची आयात फेब्रुवारीपेक्षा जास्तच झाली. ती कोसळली एप्रिलमध्ये. आणि जेल रोडवरची फळी रिकामी झाली १० मार्चला. हा महिन्याचा फरक मला पहिल्यांदा टोचला, म्हणून मी बिलं काढून बसलो.

२४ फेब्रुवारीच्या गुरुवारी नेहमीप्रमाणे पंधरा डबे आले, भाव २,२५०. बिल ३३,७५० रुपयांचं. त्याच्या आधीच्या गुरुवारचं बिलही तेवढंच. म्हणजे कोणत्याही क्षणी वितरकाचे दोन बिलांचे ६७,५०० रुपये दुकानाकडे येणं असत, सत्तर हजारांच्या आत. गाडी आली की सगळ्यात जुनं बिल चुकतं करायचं आणि नवं घ्यायचं.

३ मार्चला भाव २,७०० झाला. दादांनी जुने ३३,७५० दिले आणि पंधरा डबे सांगितले. आता जोडून पाहा: २४ तारखेचे ३३,७५० उभे, त्यात नवे पंधरा डबे म्हणजे ४०,५००. एकूण ७४,२५०. मर्यादा ओलांडली. सेल्समनने दोन डबे कमी करून तेरा डब्यांचं, ३५,१०० चं बिल कसंबसं काढलं. दुकान तेच, वितरक तोच, गोदामात माल तसाच, पण मर्यादा रुपयांत लिहिलेली होती आणि लोक तेल लिटरने खातात. भाव वीस टक्क्यांनी वाढला की त्याच सत्तर हजारांत एकतीस डब्यांऐवजी पंचवीसच बसतात. तुटवड्याचा पहिला हप्ता हा असा कारकुनी होता.

दुसरा हप्ता वितरकाच्या वरून आला. कंपनीने वितरकाकडे आगाऊ पैसे मागायला सुरुवात केली होती. रोज बदलत्या भावात उधारीवर माल सोडणं कोणालाच परवडत नव्हतं. वितरकाने ते ओझं खाली सरकवलं: १० मार्चपासून चौदाऐवजी सातच दिवस. म्हणजे २४ फेब्रुवारीचं आणि ३ मार्चचं, दोन्ही बिलं एका दिवशी देय झाली, ६८,८५० रुपये. दादांकडे गल्ला आणि बँक मिळून एक्केचाळीस हजार होते. पार्टी लॉक.

एवढं ऐकून कोणीही विचारेल, भावही वाढला होता आणि मागणीही, मग गल्ल्यात पैसे जास्त हवेत, कमी कसे? हाच प्रश्न मी वहिनींना विचारला. त्यांनी काही न बोलता वही पुढे सरकवली.

२४ फेब्रुवारी ते १० मार्च या काळात दुकानातून अठ्ठावीस डबे गेले होते. नेहमीपेक्षा जास्त नाहीत, कारण होतेच तेवढे. पण गेले कोणाकडे ते पाहण्यासारखं होतं. एरवी महिन्याला पाच लिटरचा एक कॅन नेणाऱ्या घरांनी डबा नेला होता. महाशिवरात्र १ मार्चला होती, उपासाच्या तळणाचं निमित्त मिळालं. एका निवृत्त काकांनी दोन डबे नेले, "मुलाकडे पुण्याला पाठवायचाय" म्हणून. आणि या अठ्ठावीसपैकी सतरा डबे वहीवर होते! भीती उधारीवर विकली गेली होती. डबे मार्चमध्ये घरोघरच्या पलंगाखाली गेले आणि त्यांचे पैसे एप्रिलच्या पगाराला येणार होते. दुकान वरून सात दिवसांची उधारी घेत होतं आणि खाली तीस दिवसांची देत होतं. मधले तेवीस दिवस कोणी भरायचे?

मला विचाराल तर हे प्रकरण इथे संपतं. काळा समुद्र त्यात फार उशिरा येतो. त्या गुरुवारी जेल रोडला तेलाची टंचाई नव्हती, उधारीची होती. ती तेलाच्या फळीवर दिसली, इतकंच.

दादांना हे पटलं नाही. "वितरकाने माल दाबला," असं ते आजही म्हणतात. त्यात काही अंशी तथ्य असेलही. भाव चढत असताना रोखीच्या गिऱ्हाइकाला आधी माल देणं हे कोणीही करतो. हायवेवरच्या मॉलमध्ये त्या आठवड्यात तेल होतं, माणशी दोन पाऊचची पाटी लावून. पण दाबला म्हणायला मला पुरावा सापडला नाही. लॉक झाल्याचं कारण मात्र कागदावर दिसत होतं.

वहिनी वाद घालत बसल्या नाहीत. ११ तारखेला सकाळी वही घेऊन त्यांनी दहा घरी फोन लावले. बोलणं एकच होतं: "बाकी वही नेहमीसारखी पगाराला द्या, तेलाचे तेवढे आज द्या. गाडी अडलीय." कोणाला आवडतं असं मागायला? एका घरचा पहिला फोन घेतलाच गेला नाही. पण संध्याकाळपर्यंत सव्वीस हजार आले, काही फोनपेवर, काही हातात. पुण्याला डबा पाठवणारे काका स्वतः आले आणि एक डबा परत ठेवून गेले. "उघडला नाही," एवढंच म्हणाले. वहिनींनी जुन्या भावाने वहीतून वजा केला. मला वाटतं, तो डबा त्या दिवशी सगळ्यात महाग माल असावा.

६८,८५० मधले पन्नास हजार भरून लॉक उघडलं. १२ मार्चला, शनिवारी, अवेळी गाडी आली आणि फक्त पाच डबे आले. पण आले.

आता वाटप. हा भाग कुठल्याच हिशेबाच्या वहीत बसत नाही, पण दुकान टिकतं ते याच्यावर. दादांचं म्हणणं, रोखीने येईल त्याला द्यायचं, पैसे फिरले पाहिजेत. वहिनींनी वेगळा नियम लावला. घरटी दोन पाऊच, वहीवर असो वा रोखीने. मेसवाल्या मावशींना मात्र पूर्ण डबा. त्यांचं कारण ऐकण्यासारखं होतं: "घरात दोन दिवस तेल कमी पडलं तर माणूस फोडणी लहान देतो. मावशींचं तेल संपलं तर चाळीस पोरांचा डबा जात नाही, आणि गेलेला डबा दुसऱ्या मेसवालीकडे जातो, तो परत येत नाही." दुकानावर पाटी लागली: तेल रोखीनेच मिळेल. मावशींना त्यातूनही सूट होती, ती पाटीवर लिहिलेली नव्हती.

पाटी वाचून एक जण म्हणाला, "वाण्याने साठा केलाय, आत पोटमाळ्यावर असेल." हे दादांना फार लागलं. केंद्राची साठ्याची मर्यादा तेव्हा लागू होती: किरकोळ दुकानदाराला खाद्यतेल ३० क्विंटल, घाऊक व्यापाऱ्याला ५०० क्विंटल. ३० क्विंटल म्हणजे पंधरा किलोचे २०० डबे. या दुकानात पोटमाळ्यासह कोंबून चाळीस मावतात. ज्याला मर्यादेच्या पंचमांशापलीकडे जाता येत नाही त्याला साठेबाज म्हणणं हा विनोद आहे, पण काउंटरच्या आत उभं राहून त्याला हसता येत नाही. दुसरी चीड छापील भावाची. एरवी पाऊचवर छापलेल्या किमतीपेक्षा दहा-पंधरा रुपये कमीने तेल मिळतं, ती सवय अंगवळणी पडलेली. खरेदीचा भाव चढला तशी ती सूट गेली आणि छापील भाव घेतला जाऊ लागला. कायद्याने यात गैर काही नाही, पण गिऱ्हाइकाच्या लेखी ती लूटच.

"आपल्याकडे येवला-निफाडला इतकं सोयाबीन पिकतं, मग तेल परदेशातून कशाला?" हाही प्रश्न त्या दिवसांत रोज एकदा तरी यायचा. प्रश्न चांगला आहे. उत्तर असं की सोयाबीनच्या दाण्यात तेल अठरा-वीस टक्केच, बाकी बहुतेक पेंड. शंभर किलो दाण्यातून फार तर सव्वा डबा तेल निघतं. शेंगदाण्यात आणि सूर्यफुलात तेल त्याच्या दुप्पट, पण सूर्यफूल आपल्या शेतांतून केव्हाच हटलं. मराठवाड्यात आणि सोलापूरकडे एकेकाळी ते शेतात डोलायचं, तिथे आता सोयाबीन आणि हरभरा.

२२ मार्चला रंगपंचमी होती. दोन वर्षांनी जुन्या नाशकात पुन्हा रहाडी, म्हणजे रंग खेळायचे जुने हौद, उघडल्या, आणि त्याच सकाळपासून डिझेल-पेट्रोलची वाढ सुरू झाली. १३७ दिवस थांबलेले भाव सोळा दिवसांत चौदा वेळा वाढले, लिटरमागे दहा रुपये. गाडीभाडं वाढलं, डब्यामागे काही रुपये आणखी. १ एप्रिलपासून राज्यातले कोरोनाचे निर्बंध उठले, २ तारखेला पाडवा, पुढे रमजान आणि रखडलेली लग्नं एकदम. कुरडया-पापडांचे दिवस. मागणीला जणू धरणाचं दार उघडलं.

आणि इथे गंमत. एप्रिलमध्ये सूर्यफुलाचा खराखुरा तुटवडा आला, जहाजंच नव्हती म्हणून. वितरकाकडून आठवड्याला सूर्यफुलाचे चार डबे मिळू लागले, रोख देऊनही. पण दुकानात आरडाओरडा नाही, फोन नाहीत, पोटमाळ्याचा संशय नाही. लोक सोयाबीनवर गेले होते, काही राइस ब्रानवर. वहिनींनी सूर्यफुलाच्या जागी सोयाबीनची पाऊच पुढे मांडली आणि फळी भरलेली दिसली. फळी भरलेली दिसली की माणूस एकच पाऊच घेतो. मार्चमध्ये तेल होतं तेव्हा टंचाई होती, एप्रिलमध्ये तेल नव्हतं तेव्हा नव्हती. यातली एक उणीव मात्र कोणाच्या लक्षात आली नाही. अर्ध्या लिटरचं पाऊच त्या दोन महिन्यांत जवळजवळ आलंच नाही. ते नेणारी गिऱ्हाइकं रोजंदारीची. त्यांनी तक्रार केली नाही, ती फक्त यायची थांबली.

मग इंडोनेशिया.

जगातलं निम्म्याहून अधिक पाम तेल पिकवणाऱ्या देशात त्या वर्षी घरच्याच फळ्या रिकाम्या होत्या. सरकारने खाद्यतेलाचा भाव लिटरला १४,००० रुपिया असा बांधून दिला, तसं तेल दुकानांतून गायब झालं आणि बायका पिशव्या घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. निर्यातदारांवर देशात ठरावीक तेल विकायची सक्ती झाली, तरी भागेना. २२ एप्रिलला राष्ट्राध्यक्ष जोको विडोडो यांनी निर्यातबंदी जाहीर केली. आधी वाटलं फक्त शुद्ध पामोलिनवर, पण २७ ला कच्चं पामही त्यात आलं, २८ पासून लागू.

मार्चने पोळलेल्या दादांनी या वेळी उशीर केला नाही. वहिनींची भिशी त्याच महिन्यात लागली होती, एक लाख. त्यात अडुसष्ट हजार घालून साठ डबे रोखीने उचलले, भाव २,८००. दुकानात जागा नव्हती म्हणून वीस डबे मागच्या खोलीत, मुलाच्या अभ्यासाच्या टेबलाखाली. हिशेब असा की पाम बंद झालं की फरसाणवाले, हॉटेलवाले सोयाबीन-सूर्यफुलाकडे वळणार आणि सगळीच तेलं चढणार. हा विचार चुकीचा नव्हता. दोन-तीन आठवडे तसंच झालं. मेमध्ये लग्नसराईत पस्तीस डबे गेले, चांगल्या भावाने.

चुकलं ते वेळेचं गणित. युक्रेनची बंदरं बंद होती कारण समोर युद्धनौका होत्या. ती कधी उघडतील हे कोणालाच सांगता येत नव्हतं, आणि उघडली ती ऑगस्टमध्ये, इस्तंबूलच्या करारानंतर. इंडोनेशियाचं दार मात्र आतून लावलेलं होतं. आतून लावलेलं दार फार दिवस लावून ठेवता येत नाही. पामचा घड तोडला की एक-दोन दिवसांत गिरणीत गेला पाहिजे. निर्यात बंद म्हणजे टाक्या भरल्या, टाक्या भरल्या म्हणजे गिरण्यांनी घड घेणं थांबवलं. १७ मेला पामचे शेतकरी जकार्तात रस्त्यावर उतरले. १९ ला बंदी उठवत असल्याची घोषणा, २३ पासून निर्यात सुरू. दुसऱ्याच दिवशी आपल्या सरकारने वर्षाला २० लाख टन कच्चं सोयाबीन तेल आणि तेवढंच सूर्यफूल तेल दोन वर्षं शुल्काशिवाय आणायला परवानगी दिली. मलेशियाच्या वायदेबाजारात पाम मार्चमध्ये टनाला ७,००० रिंगिटच्या वर गेलं होतं, जुलैच्या मध्यात ते ४,००० च्या खाली आलं. पाम आठ-दहा दिवसांत पोचतं हे वर लिहिलंच आहे.

जूनमध्ये कंपन्यांनी छापील भाव उतरवले, जुलैत सरकारच्या सांगण्यावरून आणखी. दादांकडे पंचवीस डबे उरलेले, २,८०० चे. नवा भाव जूनच्या मध्यात २,५०० आणि पुढे २,३००. शेवटचा डबा जाईपर्यंत आठ-नऊ हजारांचा फटका बसला. वितरकाकडे रेट डिफरन्स मागितला. भाव उतरला की जुन्या साठ्यावरचा फरक क्रेडिट नोटने मिळतो, तशी पद्धत आहे. पण अट होती: बिल पंधरा दिवसांच्या आतलं हवं. दादांचं बिल एप्रिलचं. म्हणजे ज्याने थोडं थोडं घेतलं त्याला फरक मिळाला, आणि ज्याने टंचाईच्या भीतीने गिऱ्हाइकासाठी साठवलं त्याला नाही. मी वितरकाच्या माणसाशी बोललो. त्याचं म्हणणं, "साहेब, भाव चढला असता तर दादांनी आम्हाला फरक दिला असता का?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

मार्चमध्ये पैसे नव्हते म्हणून माल नव्हता. एप्रिलमध्ये पैसे होते आणि म्हणूनच माल जास्त झाला. दोन्ही वेळा दादा बातमीवर चालले, आणि बातमी एकदाही खोटी नव्हती. त्यांच्या चुकीला मी मूर्खपणा म्हणणार नाही. शहराशहरांतल्या शिकल्यासवरलेल्या घाऊक व्यापाऱ्यांनी तीच चूक लाखांच्या पटीत केली. एवढंच की त्यांना बँक होती, इथे वहिनींची भिशी होती.

जुलैत आम्ही तिघं बसलो. मी सुचवलेलं सगळंच मान्य झालं नाही. दुसरा वितरक धरा, म्हणालो. दादा म्हणाले, पंधरा डब्यांची खरेदी दोघांत वाटली तर दोघांकडेही पत राहणार नाही, आणि ठरावीक खरेदीवर मिळणारा स्कीमचा डबाही जाईल. बरोबरच होतं. सत्तर हजारांची मर्यादा मात्र बदलून घेतली. वितरकाला पत्र दिलं की मर्यादा दर तिमाहीत भावाप्रमाणे तपासावी. त्याने एक लाख केली, दादांनी बदल्यात दोन कोरे चेक दिले. मला ते चेक आवडले नाहीत, पण माझं चाललं नाही. तेल वहीवर द्यायचं नाही हा नियम राहिला. त्याने चार घरं तुटली, त्यातली दोन दिवाळीला परत आली. आणि काउंटरच्या आतल्या बाजूला, फक्त दादांना दिसेल असा, जहाजाला लागणाऱ्या दिवसांचा एक कागद चिकटला: पाम १०, सूर्यफूल ३०, सोयाबीन ४५. बातमी आली की आधी कागद बघायचा.

त्या कागदाची परीक्षा नंतर दोनदा झाली. नोव्हेंबर २०२३ मध्ये लाल समुद्रात येमेनच्या हौथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि डिसेंबरमध्ये मोठ्या जहाज कंपन्यांनी सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालायला सुरुवात केली. काळ्या समुद्राचं तेल त्याच वाटेने येतं. वळशाचे दहा-पंधरा दिवस जास्त. दादांनी पेनने ३० खोडून ४५ केलं, दोन आठवडे चार-चार डबे वाढवून घेतले आणि थांबले. दुकानात काही कळलंही नाही.

दुसऱ्यांदा समुद्राचा संबंधच नव्हता. १४ सप्टेंबर २०२४ पासून केंद्राने आयात शुल्क वाढवलं, कच्च्या तेलांवर एकूण साडेपाचवरून साडेसत्तावीस टक्के. गणपती बसलेले होते, पुढे नवरात्र-दिवाळी. सेल्समनचा सकाळीच फोन, "दादा, पन्नास डबे लिहू का? सोमवारी भाव वेगळा." कागदावर याच्यासाठी आकडा नव्हता. दादांनी मागच्या खोलीत जाऊन डबे मोजले. अकरा दिवस पुरतील इतके होते. वीस सांगितले. मुलगा आता कॉलेजला आहे, टेबलाखाली जागा होती, तरी वीसच.

मावशींची मेस अजून चालते. त्यांनीही त्या मार्चपासून एक बदल केलाय. महिन्याच्या एक तारखेला त्या तेलाचे पैसे आगाऊ देतात, त्या दिवशीच्या भावाने. वहिनी वहीत त्यांच्या नावापुढे रुपये लिहीत नाहीत. "मावशी, ४ डबे" असं लिहितात, आणि एकेक डबा गेला की एकेक रेघ मारतात.